खासगीचा हिशेब

अहिल्याबाई होळकर म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर एकच चित्र येतं. पांढरं लुगडं, डोक्यावरून पदर आणि तळहातावर महादेवाची पिंड. शाळेच्या भिंतीवर तेच, कॅलेंडरवर तेच आणि ३१ मे ला आपल्या यवतमाळ जिल्ह्यात गावोगावी जयंतीची मिरवणूक निघते, तेव्हा ट्रॅक्टरवर हार घालून ठेवलेल्या फोटोतही तेच. मला मात्र नेहमी वाटतं, चित्रकारानं बाईंच्या दुसऱ्या हातात एक वही द्यायला हवी होती. हिशेबाची वही.

मैत्रिणींनो, अहिल्याबाईंचे घाट, मंदिरं, धर्मशाळा यांबद्दल खूप लिहून झालंय. २०२५ साली त्यांच्या जन्माला तीनशे वर्षं झाली, तेव्हा तर त्यांच्या जन्मगावी, चौंडीला राज्याच्या मंत्रिमंडळाची बैठकसुद्धा झाली. नगर जिल्ह्याला आता अहिल्यानगर म्हणतात. हे सगळं छानच. पण या जयजयकारात बाईंचा एक गुण कोपऱ्यात राहून गेला. पैसा आणि कागद सांभाळण्याचा. दारव्ह्यात बचत गटांच्या वह्या तपासता तपासता माझे केस पांढरे झाले, म्हणून कदाचित मला तोच गुण आधी दिसत असेल. आज त्याच बाजूनं त्यांची गोष्ट सांगते.

चौंडी हे जामखेड तालुक्यातलं लहानसं गाव. तिथले पाटील माणकोजी शिंदे यांच्या घरी १७२५ साली अहिल्याबाईंचा जन्म झाला. मुलींनी शिकायचं नसतं असा तो काळ, पण माणकोजींनी लेकीला घरीच लिहायला-वाचायला शिकवलं असं सांगतात. मल्हारराव होळकर बाजीराव पेशव्यांचे मातब्बर सरदार. चौंडीला मुक्काम पडलेला असताना त्यांनी देवळात ही चुणचुणीत पोर पाहिली आणि आपल्या खंडेरावासाठी मागणी घातली, अशी कथा आहे. १७३३ साली लग्न झालं. नवरी आठ वर्षांची!

आता ही चिमुकली सून सासरी आली, त्याच सुमाराला होळकरांच्या घरात एक गोष्ट घडली. इतिहासाच्या पुस्तकात तिला जेमतेम दोन ओळी मिळतात. माझ्या मते मात्र अहिल्याबाईंचं पुढचं सगळं आयुष्य त्या गोष्टीवर उभं आहे, म्हणून जरा थांबून सांगते.

मल्हाररावांना माळव्यात मोठा मुलूख मिळालेला होता. पण तो सरंजाम. म्हणजे फौज ठेवा, चाकरी करा आणि त्याच्या खर्चासाठी या मुलखाचं उत्पन्न घ्या. पेशव्यांची मर्जी फिरली किंवा घरचा कर्ता पुरुष लढाईत पडला, की हा सरंजाम काढूनही घेता येत होता. नवऱ्याची नोकरी आहे तोवर क्वार्टर, तसं. मल्हाररावांना हे कळत होतं. म्हणून १७३४ साली पेशव्यांकडून त्यांच्या पत्नीच्या, गौतमाबाईंच्या नावानं वेगळं उत्पन्न लावून घेतलं गेलं. त्यात गावं होती, परगण्यांचा हिस्सा होता. हे उत्पन्न घराण्यातल्या बाईचं. तिच्यानंतर पुढच्या बाईचं. यालाच म्हणायचं खासगी. फौजेचा नि राज्याचा पैसा तो दौलतीचा, आणि हा खासगीचा. दोन्हींची खाती वेगळी, कारभारी वेगळे.

बघा, जवळजवळ तीनशे वर्षांपूर्वी एका मेंढपाळ घराण्यातून वर आलेल्या सरदारानं बायकोच्या नावे मिळकत केली, तीही कागदावर. तोंडी नाही. आपल्याकडे घरोघरी काय ऐकू येतं? सगळं तुझंच तर आहे. सगळं आपलंच असतं हो, पण सातबाऱ्यावर एकाचंच नाव असतं. १९९२ साली सरकारनं लक्ष्मी मुक्ती योजना आणली होती. नवऱ्यानं अर्ज करायचा आणि शेताच्या उताऱ्यावर बायकोचंही नाव लावून घ्यायचं. शेतकरी संघटनेनं त्याआधीच गावोगावी ही चळवळ चालवलेली होती. तुमच्या घरच्या उताऱ्यावर कुणाकुणाची नावं आहेत, आठवतंय? नसेल आठवत तर आज संध्याकाळी काढून बघाच.

असो. पुन्हा अहिल्याबाईंकडे येऊ.

सासू गौतमाबाई कडक, पण शहाण्या. घरातली कोठी, नोकरचाकर, मुदपाकखाना, येणारे-जाणारे, देवधर्म हे सगळं त्यांनी सुनेच्या हाती हळूहळू सोपवलं. मल्हारराव वर्षातले कितीतरी महिने मोहिमेवर. तिकडून आलेली पत्रं वाचायची, उत्तरं धाडायची, वसुलाचे आकडे तपासायचे, हे काम तरुण अहिल्याबाई करायला लागल्या. एक गोष्ट लोक फार आवडीनं सांगतात. खंडेराव जरा खर्चिक. महिन्याची नेमणूक संपली आणि त्यांनी पुढच्या महिन्याचे पैसे आधीच मागितले, तर बायकोनं ते द्यायला साफ नकार दिला म्हणे. खरं-खोटं देव जाणे, पण ही गोष्ट सांगताना बायकांचे डोळे कसे चमकतात ते मी बचत गटाच्या बैठकीत पाहिलंय!

१७४५ मध्ये मुलगा मालेराव झाला, १७४८ मध्ये मुलगी मुक्ताबाई. आणि १७५४ साली राजस्थानातल्या कुंभेरीच्या वेढ्यात तोफेचा गोळा लागून खंडेराव गेले. अहिल्याबाई तेव्हा अठ्ठावीस वर्षांच्या. सती जायची त्यांची तयारी झालेली होती. मल्हाररावांनी अडवलं. म्हाताऱ्या सासऱ्यानं सुनेपुढे अक्षरशः पदर पसरला, की माझा मुलगा गेला, आता तूच माझा मुलगा, तूही गेलीस तर या दौलतीचं मी काय करू. त्या थांबल्या.

त्यानंतरची बारा वर्षं म्हणजे त्यांची खरी शाळा. सासऱ्यानं त्यांना रडत कोपऱ्यात बसू दिलं नाही. मल्हाररावांनी सुनेला १७६५ साली लिहिलेलं पत्र उपलब्ध आहे. त्यात काय असावं? तब्येतीची विचारपूस वगैरे? छे. ग्वाल्हेरच्या बाजूला तळ कुठे टाकायचा, तोफखान्याची काय व्यवस्था लावायची, गोळे पाडून घ्यायचे, बैलांच्या चाऱ्याची तजवीज करायची, असल्या सूचना. सासरा सुनेशी लिहितोय की सेनापती अधिकाऱ्याशी, कळू नये!

१७६६ च्या मे महिन्यात मल्हारराव गेले. सरदारी नातू मालेरावाकडे आली, पण तो सुरुवातीपासूनच आजारी, मनानं अस्थिर. १७६७ च्या एप्रिलमध्ये तोही गेला. एका वर्षात घरातले दोन्ही पुरुष गेले. आणि मग जे झालं, ते आपल्या गावात आजही होतं.

घरच्याच माणसाला वाटलं, बाई एकटी आहे. हा घरचा माणूस म्हणजे होळकरांचे दिवाण गंगाधर यशवंत चंद्रचूड. त्यांनी सुचवलं की एखादं लहान मूल दत्तक घ्यावं, त्याच्या नावानं कारभार आपण पाहू, बाईंना पोटापुरती नेमणूक लावून देऊ, त्यांनी देवधर्म करावा. शब्द किती गोड! आतून मात्र त्यांनी राघोबादादांना लिहून कळवलं होतं की होळकरांचा खजिना मोठा आहे, लवकर या. राघोबादादा फौज घेऊन माळव्याकडे निघालेसुद्धा.

अहिल्याबाईंनी दिवाणांना जे उत्तर दिलं त्यात आक्रोश नव्हता, मुद्दा होता. मी एका वारसाची बायको आणि दुसऱ्या वारसाची आई आहे, तेव्हा पुढचा माणूस नेमण्याचा हक्क माझा, तुमचा नाही. आणि नुसतं बोलून त्या थांबल्या नाहीत. पुण्याला माधवराव पेशव्यांकडे पत्र गेलं. महादजी शिंद्यांकडे गेलं. नागपूरकर जानोजी भोसल्यांकडेही गेलं. (आपला वऱ्हाड तेव्हा निजाम आणि हेच भोसले यांच्या दुहेरी अमलाखाली होता.) शिंदे आणि भोसले दोघांनीही राघोबादादांना साथ द्यायचं नाकारलं. बायकांची एक तुकडीही त्यांनी उभी केली असं सांगतात. राघोबांना निरोप गेला म्हणे, की मी हरले तर एक बाई हरली इतकंच म्हणतील, पण तुम्ही हरलात तर तोंड कुठे लपवाल? दादा क्षिप्रेच्या काठावरून मागे फिरले, सांत्वनाला आलो होतो असं सांगून. माधवरावांनी अहिल्याबाईंचा अधिकार मान्य केला. फौजेसाठी त्यांनी तुकोजी होळकर या भरवशाच्या माणसाला नेमलं आणि कारभार स्वतःकडे ठेवला.

या प्रसंगात सगळ्यांना आठवतो तो निरोप. मला आठवतं ते वेगळंच. त्या महिन्याभरात बाईंना कुणाला विचारत बसावं लागलं नाही, की आपला मुलूख किती, येणं किती, फौजेचं देणं किती, कुठल्या सरदाराशी काय करार आहे. त्यांना ते पाठ होतं. पंधरा-वीस वर्षं त्यांनी ते कागद हाताळले होते. दिवाण फसवू शकला नाही तो त्यामुळे.

आता थोडं आपलं.

आमच्याच तालुक्यातली एक बाई. नाव सांगत नाही. नवरा गेला तो कापूस वेचणीच्या दिवसांत. मागे दोन पोरं, सासू आणि चार एकर कोरडवाहू. दहाव्याला पाहुणे आले, तेराव्याला गेले आणि मग कागद सुरू झाले. शेताचा उतारा काढला तर त्यावर अजून मेलेल्या सासऱ्याचंच नाव. नवऱ्याच्या नावानं फेरफार झालाच नव्हता, कारण वारसनोंदीसाठी जायला कधी वेळच झाला नाही. सोसायटीचं कर्ज किती, तिला माहीत नाही. सावकाराचं किती, ते सावकार सांगेल तेवढं! शेतकऱ्यानं आत्महत्या केली तर सरकारची एक लाखाची मदत आहे, त्यातले तीस हजार रोख आणि सत्तर हजार ठेव म्हणून. पण त्यासाठी शेतीचा उतारा हवा आणि मान्यताप्राप्त ठिकाणचं कर्ज थकल्याचा कागद हवा. आपल्या जिल्ह्यात कितीतरी बायका या दोन कागदांपायी अपात्र ठरल्यात. तिचं प्रकरण एका कार्यालयातून दुसऱ्या कार्यालयात फिरत राहिलं. मी सोबत जात होते. प्रत्येक टेबलावर एक नवा कागद निघायचा.

एक दिवस तिच्या घरची पत्र्याची पेटी उघडून आम्ही दोघी बसलो. लग्नपत्रिका, जुनी बिलं, खताच्या पावत्या, पोरांची लसीकरणाची कार्डं, सगळं एकत्र. त्यात एक पासबुक मिळालं. त्यावर मे महिन्यात ४३६ रुपये कापल्याची नोंद. तुमच्यापैकी कितीजणींना ठाऊक आहे हा आकडा? तो प्रधानमंत्री जीवनज्योती विम्याचा वर्षाचा हप्ता. माणूस गेला तर दोन लाख मिळतात. नवऱ्यानं बँकेत कुणाच्या तरी सांगण्यावरून सही केली होती आणि घरी सांगितलंच नव्हतं. ते पासबुक हाती लागलं म्हणून दोन लाख आले. दुसऱ्या पेटीत असतं तर?

म्हणून म्हणते, हे कागदांचं काम रडं आवरल्यावर करायचं नसतं. धड असताना करायचं. मृत्यूची नोंद एकवीस दिवसांत केली तर फुकट होते, नंतर कटकट. नवऱ्याच्या मिळकतीत १९५६ च्या कायद्यानं बायको, मुलगे, मुली आणि त्याची आई यांचा सारखा हक्क आहे, आणि तो तोंडी सांगून चालत नाही, फेरफारावर चढवावा लागतो. खात्याला नॉमिनी लावा. नोव्हेंबर २०२५ पासून बँकेच्या ठेवीला चारपर्यंत नॉमिनी लावता येतात. पण नॉमिनी म्हणजे मालक नव्हे हं! त्यानं पैसे हातात घ्यायचे आणि वारसांना द्यायचे, एवढंच. यावरून सख्ख्या भावाभावांत मारामाऱ्या झालेल्या मी बघितल्यात. आणि ते प्लास्टिकच्या पिशव्यांत पिशव्या कोंबणं बंद करा बायांनो. शेताचे कागद एका फायलीत, बँक-विम्याचे दुसऱ्या, पोरांच्या शाळेचे-जन्माचे तिसऱ्या. वर मोठ्या अक्षरात लिहा. फाईल कुठे आहे हे घरातल्या अजून एका माणसाला ठाऊक असू द्या. २०२४ साली लाडक्या बहिणीच्या अर्जासाठी आधार, रेशनकार्ड, दाखले शोधताना घराघरांत जी धांदल उडाली ती विसरलात का?

तर अहिल्याबाई. कारभार हाती आल्यावर त्यांनी राजधानी इंदूरहून नर्मदेकाठी महेश्वरला नेली. तिथला वाडा तुम्ही सहलीला गेलात तर जरूर बघा. राजवाडा म्हणावा असं काही नाही. आपल्याकडच्या एखाद्या जुन्या देशमुखाचा वाडा असावा तितपत. त्यांची बसायची गादीही साधीच.

जॉन माल्कम नावाचा इंग्रज अधिकारी बाईंच्या मृत्यूनंतर माळव्यात आला. त्यांना पाहिलेली माणसं तेव्हा हयात होती. त्यांना विचारून विचारून त्यानं १८२३ साली छापलेल्या पुस्तकात बाईंचा दिनक्रम लिहून ठेवलाय. सूर्य उगवायच्या तासभर आधी उठायचं. स्नान, पूजा, पुराण ऐकणं, दानधर्म. मग जेवण, थोडी विश्रांती. दुपारी दोनच्या सुमाराला दरबारात यायचं ते सूर्य मावळेपर्यंत. पुन्हा पूजा, हलकं खाणं. आणि रात्री नऊला पुन्हा कामाला बसायचं, अकरापर्यंत. ही रात्रीची दोन तासांची बैठक मला फार लोभस वाटते. दिवसभराच्या माणसांचं ऐकून झालं, आता कागद. वर्षामागून वर्षं, सणवार आणि निकडीचे प्रसंग सोडले तर हाच क्रम. आपण महिन्यातून एकदा तास काढून पासबुक बघत नाही!

हिशेबाच्या बाबतीत त्या कुणालाही सोडत नसत. तुकोजी त्यांना आई म्हणत, वागतही तसे. पण फौजेचा माणूस, हात सैल. मोहिमेवरून पैशांची मागणी यायची. बाई विचारायच्या, आधीच्या खंडणीचा जमाखर्च कुठे आहे? यावरून दोघांत वर्षानुवर्षं खटके उडाले. काही इतिहासकार म्हणतात बाईंनी हात आखडता घेतला, त्यामुळे फौजेची अडचण झाली. असेलही. लढाईच्या मैदानावर हिशेबाची वही मागणारी बाई त्या पुरुषांना किती जाचक वाटली असेल! पण त्यांच्या हयातीत त्यांच्या मुलखात रयतेवर जुलूम झाला नाही आणि खजिना रिता पडला नाही, हेही तेच इतिहासकार लिहितात.

आणि त्यांनी दौलतीचा पैसा आणि खासगीचा पैसा कधी एकमेकांत मिसळू दिला नाही. गौतमाबाईंनंतर खासगी त्यांच्याकडे आली होती. त्या पैशावर त्यांनी तुळशीपत्र ठेवलं, म्हणजे तो आता देवाचा, लोकांचा. काशी विश्वनाथाचं मंदिर, गयेचं विष्णुपद, सोमनाथ, वेरूळचं घृष्णेश्वर, काशीचा मणिकर्णिका घाट... आपल्या पुसदकडच्या बायका औंढ्या नागनाथाला जातात ना, त्या देवळाच्या जीर्णोद्धाराशीही बाईंचंच नाव जोडलेलं आहे. हा सगळा खर्च खासगीतून झाला. रयतेच्या सारापट्टीतून नाही. उन्हाळ्यात रस्त्यांवर पाणपोया. थंडीत कपडे. महेश्वरच्या आसपास नांगर चालवणाऱ्यांच्या बैलांना दुपारी थांबवून पाणी पाजायला माणसं ठेवलेली. पाखरांसाठी उभ्या पिकाची शेतं विकत घेतलेली, म्हणजे शेतकऱ्यानं हाकललेल्या पाखरांना खायला जागा असावी. विणकरांना वसवून महेश्वरी साड्यांचा धंदा उभा केला, तो आजही चालू आहे.

देऊळ बांधून फोटो काढून मोकळं व्हायचं, अशातल्या त्या नव्हत्या. (तेव्हा फोटो नव्हते म्हणा!) पुजाऱ्याला काय मिळणार, दिव्याचं तेल कुठून येणार, अन्नछत्रात रोज शिधा कुणाच्या खर्चानं शिजणार, दक्षिणेतल्या देवळांना गंगेचं पाणी ठरल्या वेळी कसं पोचणार, याची नेमणूक आधी लावायची. त्यासाठी गाव तोडून द्यायचं किंवा उत्पन्न बांधून द्यायचं. घर बांधणं सोपं, घरपट्टी भरणं अवघड, हे संसारी बाईला सांगायला लागत नाही.

पण मला सर्वांत जवळचे वाटतात ते त्यांचे विधवांबद्दलचे निवाडे. त्या काळी सावकार निपुत्रिक मेला की त्याची मिळकत सरकारजमा करायची किंवा मोठा नजराणा उकळायचा, अशी सर्रास चाल होती. सिरोंजला असा एक सावकार वारला. तिथल्या कामाविसदारानं त्याच्या विधवेला धमकावलं, मोठी रक्कम दे, नाहीतर सगळं जप्त करवतो. ती धीराची बाई दत्तक मुलाला घेऊन थेट महेश्वरला आली. अहिल्याबाईंनी कामाविसदाराला काढून टाकलं, दत्तक मंजूर केलं, पोराला मांडीवर घेऊन कपडे-दागिने दिले आणि पालखीतून परत धाडलं. छदामही घेतला नाही. इंदूरला असाच एक सावकार गेला तेव्हा खुद्द तुकोजींचा डोळा त्याच्या धनावर होता. विधवा धावत महेश्वरला गेली. बाईंनी तिला मानाची वस्त्रं दिली, म्हणजे ही मिळकत तुझी, आणि तुकोजींना निरोप गेला की फौज घेऊन इंदूरपासून दूर व्हा. खरगोणकडच्या दोन सावकार भावांच्या विधवा तर आपण होऊन सगळं धन द्यायला आल्या. तेही त्यांनी घेतलं नाही. तुमचं आहे, तुमच्या हातानं लोकांच्या कामी लावा, असं सुचवलं.

स्वतः एकदा ज्या दारात उभ्या होत्या, तिथे उभ्या असलेल्या बाईला त्यांनी ओळखलं. आज असं टेबलापलीकडून ओळखणारं कुणी भेटलं, तर आपल्याकडच्या किती प्रकरणांचा निकाल आठवडाभरात लागेल!

शेवटची वर्षं फार वाईट गेली. मुक्ताबाईचा तरुण मुलगा नथ्याबा गेला. पाठोपाठ १७९१ मध्ये जावई यशवंतराव फणसे गेले आणि मुक्ताबाई सती निघाली. आईनं परोपरीनं विनवलं. सासऱ्यानं विनवलं तेव्हा सून थांबली होती, आईनं विनवलं तेव्हा लेक थांबली नाही. नर्मदेच्या घाटावर बाईंना दोघांनी दंडाला धरून उभं ठेवावं लागलं. तीन दिवस त्यांनी अन्नाला शिवलं नाही आणि बोलल्या नाहीत. त्यानंतर पुन्हा दरबारात येऊन बसल्या. १३ ऑगस्ट १७९५ रोजी सत्तराव्या वर्षी महेश्वरलाच त्यांचा अंत झाला.

दौलतीचं पुढे काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे. तुकोजींच्या मुलांत भांडणं झाली, इंग्रज आले, मुलूख घटला. खासगी मात्र टिकली. ती कागदावर वेगळी होती ना! १९४८ साली होळकरांचं संस्थान मध्यभारतात विलीन झालं, तेव्हा खासगीच्या गावांचं उत्पन्न सरकारकडे गेलं आणि त्याबदल्यात बाईंनी लावून दिलेल्या धर्मकार्यांसाठी दरवर्षी सुमारे २ लाख ९२ हजार रुपये कायमचे ठरवून दिले गेले. १९६२ मध्ये त्यासाठी खासगी ट्रस्ट झाला. (रक्कम कायमची ठरवली की महागाई तिला कशी खाते ते पेन्शनवाल्या बायकांना विचारा.) देशभर पसरलेल्या दोनशेहून अधिक मिळकती त्यात. पुढे हरिद्वारच्या घाटावरची जागा विकली गेल्याची तक्रार झाली, प्रकरण इंदूरच्या हायकोर्टात गेलं, तिथून दिल्लीला. २०२२ च्या जुलैमध्ये सुप्रीम कोर्टानं निकाल दिला की हा ट्रस्ट सार्वजनिक आहे, त्याची रीतसर नोंदणी झालीच पाहिजे आणि झालेल्या विक्रीचे व्यवहारही तपासले पाहिजेत. त्या निकालात १७३४ साली सुरू झालेली ती खासगी, गौतमाबाईंची आणि मग अहिल्याबाईंची, कागदोपत्री सगळी पुन्हा एकदा वाचली गेली.